पाठलाग संपला, आता वादळाच्या सामानाचं काय करू? (पश्चिम कॅन्सस ते डेन्व्हर)

कोरडा_ढग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मेच्या मध्यापासून आम्ही तिघं अमेरिकेच्या मधल्या मैदानात भाड्याच्या गाडीने वादळांच्या मागे फिरतोय. टेक्ससच्या पॅनहँडलपासून (उत्तरेकडचा पट्टा) पार नेब्रास्कापर्यंत. काय दिसलं, काय हुकलं ते स्वतंत्र धाग्यात लिहितो, इथे प्रश्न वेगळा आहे. सध्या पश्चिम कॅन्ससात गुडलंडला मुक्काम आहे आणि परवा डेन्व्हरहून परतीचं विमान. गाडीची डिकी उघडली की धडकी भरते.

हवामानाचे इशारे ऐकवणारे दोन वेदर रेडिओ (एक टेबलावरचा, एक हातातला), एफआरएसचे (बिनपरवान्याच्या साध्या रेडिओ सेवेचे) चार वॉकीटॉकी, वाऱ्याचा वेग मोजायचं हातातलं यंत्र, सायकलची दोन हेल्मेटं आणि बांधकामावरची एक टणक टोपी, पुढच्या काचेवर लावायची गारांची जाळी, ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन (म्हणजे मोठी बॅटरीपेटी), पंक्चर किट आणि हवेचा पंप, प्रथमोपचाराची पेटी (त्यात टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा), रस्त्यावर पेटवायच्या लाल फ्लेअर, चार राज्यांच्या नकाशांची जाडजूड पुस्तकं, गारांचे ठसे घ्यायला केलेले फोमचे पाटे, पर्जन्यमापक आणि एक पिवळा लुकलुकणारा दिवा, जो मित्राने हौसेने घेतला आणि आम्ही त्याला कधी लावू दिला नाही.

यातलं निम्मं ओक्लाहोमा सिटीत उतरल्यावर विकत घेतलं. उरलेलं तिथेच परतीच्या वाटेवरच्या एका चेसरने (वादळांचा पाठलाग करणाऱ्याने) आम्हाला फुकट दिलं, ‘पुढे कुणाला तरी द्या’ एवढीच अट घालून. त्यामुळे विकायचं नाही. कुणाला द्यावं, कुठे द्यावं? आणि काय देऊच नये?

स्वल्पविराम

एवढा विचार कशाला? मोटेलच्या खोलीत नीट रचून ठेवा आणि निघा. साफसफाईला येणाऱ्या बाईंना उपयोग होईल.

खडूस_काका

स्वल्पविराम, हेतू चांगला, पण असं केल्याने त्या बाईंनाच त्रास होतो. खोलीत राहिलेली वस्तू बहुतेक ठिकाणी ‘हरवलेलं सामान’ म्हणून वहीत नोंदवून कपाटात ठेवावी लागते. ती घरी नेली तर चोरीचा आळ येऊ शकतो. द्यायचंच असेल तर समोरासमोर द्या, नाहीतर ‘ही वस्तू भेट म्हणून ठेवली आहे’ अशी चिठ्ठी लिहा, त्यावर खोली क्रमांक, तारीख आणि सही टाका आणि काउंटरवर तसं सांगून जा. शिवाय सोबत वेगळी टिप ठेवा. जुना पंप ही टिप नव्हे.

आणि भाड्याच्या गाडीत तर काही सोडूच नका. गाडी परत गेली की पुढच्या गिऱ्हाइकासाठी घाईत झाडून काढतात, सगळं कचऱ्यात.

ओहमचा_नियम

आधी विमानाचं बघू, कारण त्यावरच अर्धा निकाल लागतो.

लिथियम बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत असेल तर केबिन बॅगेत चालते. १०० ते १६० मधली विमान कंपनीची परवानगी घेऊन, तीही माणशी दोनच सुट्या. १६० च्या वर नाहीच. म्हणजे तुमचं ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन कुठल्याही बॅगेत घातलंत तरी विमानात चढणार नाही. ते जमिनीवरच राहणार, हे आत्ताच धरून चाला. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, कितीही छोट्या असल्या तरी.

पॉवर बँकेवर वॉट-तास छापलेले नसतील तर एमएएचला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, बिनधास्त न्या.

फ्लेअर तर विसराच. ना केबिन, ना चेक-इन. काच साफ करायचे, पाणी न टिकू देणारे स्प्रे असतील तर तेही बहुतेक ज्वालाग्राही असतात, मागे ठेवा.

तळटीप

यादीत सॅटेलाइट मेसेंजर दिसत नाही. नाहीये ना? भारतात परतताय म्हणून विचारतो.

कोरडा_ढग

आहे एक, मित्राच्या पाठपिशवीत.

तळटीप

मग तो अमेरिकेतच कुणाला तरी द्या, किंवा तिथे राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. भारतात सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी ही छोटी यंत्रं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर परदेशी पर्यटकांना यावरून अडवून पोलिसांच्या ताब्यात दिल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. ‘डोंगरात सुरक्षेसाठी लागतं हो’ हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

देण्यापूर्वी खातं बंद करा. यंत्र खात्यातून काढलं नाही तर नव्या माणसाला ते स्वतःच्या नावावर चालू करता येत नाही. शिवाय आणीबाणीचं बटण दाबलं तर फोन तुमच्या घरी येईल.

पुस्तकी_कीड

वेदर रेडिओ मात्र भारतात घेऊन या की! चक्रीवादळात कामाला येईल.

ओहमचा_नियम

नाही येणार. तो रेडिओ फक्त १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात वाहिन्या ऐकतो. त्यावर अमेरिकेच्या हवामान खात्याचं चोवीस तास प्रसारण असतं, हजारभर ट्रान्समीटरवरून. कॅनडातही तोच पट्टा आहे. आपल्याकडे त्यावर असं प्रसारण नाही. आणलात तर नुसती खरखर ऐकायची. वॉकीटॉकीचंही तेच. एफआरएसला अमेरिकेत परवाना लागत नाही, पण ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर भारतात परवान्याशिवाय बोलता येत नाही.

मैदानातली

मी कॅन्ससातल्याच विचिटात बरीच वर्षं आहे, म्हणून वेदर रेडिओबद्दल सविस्तर लिहिते. तुमच्या सगळ्या डिकीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे, आणि लोक ती सर्वांत वाईट पद्धतीने देतात.

चेसर रोज नवीन काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) असतो. म्हणून तो रेडिओ ‘सगळ्या काउंट्या’वर लावून ठेवतो, म्हणजे कुठलाही इशारा आला की वाजतो. तसाच रेडिओ एखाद्या आजीबाईंना दिलात की काय होतं? रात्री दोन वाजता साठ मैलांवरच्या काउंटीतल्या वादळासाठी तो बोंबलतो. मग पहाटे चारला पुन्हा. तिसऱ्या रात्री आजीबाई त्याचा प्लग काढून ठेवतात, आणि ज्या रात्री त्यांच्याच घरावर येतं त्या रात्री रेडिओ कपाटात.

म्हणून देताना समोर बसून त्यांची काउंटी भरून द्या. प्रत्येक काउंटीला सहा आकडी कोड असतो. तुम्ही आहात त्या शर्मन काउंटीचा ०२०१८१. पहिला शून्य, मग कॅन्ससचे २०, मग काउंटीचे १८१. घर काउंटीच्या पश्चिम किंवा नैर्ऋत्य सीमेला लागून असेल तर तिकडच्या शेजारच्या काउंटीचाही घाला, कारण वादळं बहुधा तिकडूनच येतात. त्यांच्या भागाचा ट्रान्समीटर स्पष्ट ऐकू येईपर्यंत सातही वाहिन्या फिरवून बघा. खिडकीजवळ ठेवला तर एकदम फरक पडतो.

मग मागचं झाकण उघडा आणि बॅटऱ्या बघा. वीज गेल्यावरच त्यांची गरज पडते आणि तेव्हाच कळतं की त्या गळून स्प्रिंगवर हिरवट-पांढरी साय धरलीये. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा, नव्या बॅटऱ्या घाला. आठवड्याची चाचणी बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या सुमारास होते. चाचणी वाजली तर सगळं ठीक आहे, हेही सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या बुधवारी बिचारे तळघरात जाऊन बसतील.

कुणाला द्यावा? ट्रेलरच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला, हे माझं ठाम मत. टोर्नेडोत मरणाऱ्यांत अशा घरांतल्या माणसांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार जास्त असतं. तळघर नाही, घर जमिनीला नीट बांधलेलं नाही. त्यांना दोन मिनिटं आधी कळून भागत नाही, कारण दुसऱ्या इमारतीत जायलाच वेळ लागतो. गावच्या ग्रंथालयात विचारा, तिथल्या बाईंना गावातलं सगळं माहीत असतं.

स्वल्पविराम

मैदानातली ताई, हा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला.

तिरपा_पाऊस

गुडलंडला तर हवामान खात्याचं कार्यालयच आहे! सगळं तिथे नेऊन द्या. त्यांच्याइतका उपयोग कुणाला?

खडूस_काका

देऊ नका. ते केंद्र सरकारी कर्मचारी आहेत. त्यांना हुद्द्यामुळे मिळणारी भेट एका वेळी २० डॉलरपर्यंत आणि एकाच माणसाकडून वर्षाला ५० डॉलरपर्यंतच घेता येते. तुम्ही ५०० वॉट-तासांचा ठोकळा घेऊन दारात उभे राहिलात तर त्या बिचाऱ्यांना तुम्हाला नाही म्हणावं लागेल आणि वर कागदही भरावे लागतील. त्यापेक्षा तुमचे व्हिडिओ आणि गारांची मोजमापं द्या. वेळ, जागा आणि गारेशेजारी ठेवलेली फूटपट्टी दिसत असलेला फोटो. ती भेट ते आनंदाने घेतात.

गार मोजली होती ना? १ इंचाची गार झाली की तिथे ते वादळ ‘तीव्र’ धरतात. २०१० च्या आधी ही मर्यादा पाऊण इंच होती.

कोरडा_ढग

मोजली होती, सर्वांत मोठी पावणेदोन इंच. त्यानंतरच टणक टोपीवर एक पोचा आलाय. हेल्मेटांवर काही दिसत नाही.

खडूस_काका

मग आता नीट ऐका. ती टोपी कुणालाही द्यायची नाही. हेल्मेटंही नाहीत, त्या गारांत ती डोक्यावर असतील तर.

सायकलच्या हेल्मेटच्या आतला फोम एकदाच मार खाण्यासाठी बनवलेला असतो. तो चेपून जातो आणि तसं करून डोकं वाचवतो. बाहेरचं प्लास्टिक परत फुगून पूर्वीसारखं दिसतं, आतला फोम नाही. हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. पुढचा माणूस मात्र ‘हेल्मेट आहे ना’ म्हणून गाडीबाहेर उतरतो. २ ते ४ इंची गारा ताशी ४४ ते ७२ मैल वेगाने पडतात. २०१० च्या जुलैत साउथ डकोटातल्या व्हिव्हियनला सापडलेली गार ८ इंच व्यासाची होती, जवळजवळ ९०० ग्रॅम. हेल्मेट नवंकोरं असलं तरी त्यापुढे काही खरं नाही.

कचऱ्यात टाकतानाही पट्टे कात्रीने कापा आणि टोपीवर मार्करने मोठी फुली मारा. नाहीतर कुणीतरी उचलून पोराच्या डोक्यावर घालेल.

तिरपा_पाऊस

काका, थोडं अति होतंय. काहीच नसण्यापेक्षा जुनं हेल्मेट बरं नाही का?

खडूस_काका

बरं नाही. काहीच नसेल तर माणूस गाडीत बसून राहतो.

नवखा_पण_उत्साही

नमस्कार, मी इथे नवीन. पुढच्या वर्षी मेमध्ये ओक्लाहोमाला जायचा बेत आहे. धागाकर्ते, हे सगळं सामान मलाच द्याल का? पोस्टाचा खर्च मी देतो. गाडी चालवता येते, रडारचं ॲप घेतलंय. सामान मिळालं की तयारी पूर्ण.

मैदानातली

उत्साह छान आहे, पण ‘सामान मिळालं की तयारी पूर्ण’ हे वाचून पोटात गोळा आला.

३१ मे २०१३, एल रीनो, ओक्लाहोमा. त्या दिवशी टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघंही टोर्नेडोत गेले. समारस म्हणजे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. जमिनीवर ठेवायची यंत्रं त्यांनी स्वतः बनवली होती. २४ जून २००३ ला साउथ डकोटात मँचेस्टरजवळ त्यांचं यंत्र थेट टोर्नेडोच्या वाटेत होतं आणि हवेचा दाब १०० मिलिबारने घसरल्याची नोंद त्याने केली. सामान, अनुभव, सावधपणा, काही कमी नव्हतं. एल रीनोचा टोर्नेडो बघता बघता २.६ मैल रुंद झाला, वळला आणि वेगही वाढवला. रस्ते कच्चे, काही ठिकाणी चेसरच्या गाड्यांची गर्दी.

हे घाबरवायला लिहीत नाहीये. नवख्या माणसाला डिकीभर सामान दिलं की तो एक रस्ता जास्त जवळ जातो, हे मी इथे दर वर्षी बघते. पहिल्या वर्षी एखाद्या अनुभवी गटाबरोबर किंवा टूरच्या व्हॅनमधून जा. हवामान खाते स्पॉटर (वादळ बघून खात्याला कळवणाऱ्या) लोकांसाठी फुकट प्रशिक्षण घेतं, स्कायवॉर्न नावाने. ते आधी करा.

नवखा_पण_उत्साही

ताई, समजलं. स्कायवॉर्नचं बघतो. नकाशे तरी चालतील?

मैदानातली

नकाशे नक्की घ्या! तेवढंच देण्यासारखं आहे नवख्याला. वादळाखाली फोनला सिग्नल नसतो तेव्हा पुढचा रस्ता डांबरी आहे की मातीचा, नदीवर पूल आहे की रस्ता तिथेच संपतो, हे कागदच सांगतो. धागाकर्ते, पेन्सिलीने काही खुणा केल्यात का? खोडू नका त्या.

कोरडा_ढग

भरपूर खुणा आहेत. कुठे चिखलात रुतू शकतो, कुठल्या पेट्रोल पंपाला रात्री कुलूप असतं, कुठून पश्चिमेचं क्षितिज मोकळं दिसतं. वॉकीटॉकी आणि दिव्याचं काय करू? आणि पॉवर स्टेशन?

ओहमचा_नियम

वॉकीटॉकी सोपे. परवाना लागत नाही, शेतावर किंवा काढणीवर काम करणाऱ्या कुणालाही द्या. हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) रेडिओ असता तर मात्र जपून, कारण तो ऐकायला कुणालाही चालतो पण बोलायला परवाना लागतो. तसला रेडिओ हॅम क्लबला द्यावा.

पॉवर स्टेशन ५० ते ६० टक्के चार्ज करून द्या. पूर्ण रिकामं किंवा पूर्ण भरलेलं महिनोन्‌महिने पडून राहिलं की सेल लवकर म्हातारे होतात. चार्जर सोबत द्या! चार्जर नसलेलं पॉवर स्टेशन देणं म्हणजे समोरच्याला खरेदीची यादी देणं. फुगलेलं वाटत असेल, गरम होत असेल तर देऊ नका. लहान फुगीर बॅटऱ्याही नेहमीच्या कचऱ्यात नकोत, कचऱ्याच्या गाडीत दाबल्या की पेट घेतात. बड्या हार्डवेअर दुकानांत रिचार्जेबल बॅटऱ्यांसाठी डबे असतात, पण ते लहान आणि धड बॅटऱ्यांसाठी. फुगलेली काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात विचारून द्या.

खडूस_काका

दिवा देऊ नका. पिवळ्या दिव्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि तो लावलेली गाडी दिसली की लोकांना वाटतं कुणीतरी अधिकृत माणूस आहे. मग ते तिच्या मागे जातात. मोडून टाका.

बिनपाण्याचा_ढग

मी सुचवू का? वाटेत ज्या गावात टोर्नेडोने नुकसान केलंय तिथे सगळं देऊन या. पुण्यही आणि उपयोगही.

मैदानातली

बिनपाण्याचा_ढग, नको. नुकसान झालेल्या गावात न विचारता नेलेलं सामान ही तिथल्या लोकांना दुसरी आपत्ती वाटते. गोण्याच्या गोण्या जुने कपडे आणि काय काय येऊन पडतं. ते निवडायला, साठवायला माणसं आणि छप्पर लागतं, आणि छप्परच तर उडालेलं असतं. तिथे पैसे द्या, किंवा काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापकाला फोन करून काय हवंय ते विचारा. पंक्चर किट मात्र खरंच लागतं, कारण पडलेल्या घरांचे खिळे रस्ताभर असतात. पण तेही विचारून.

लहान गावांतली अग्निशमन दलं बहुतेक स्वयंसेवकांवर चालतात. फ्लेअर, टॉर्च, पॉवर स्टेशन त्यांना विचारा. ९११ या आणीबाणीच्या नंबरवर नाही हं, कार्यालयाच्या साध्या नंबरवर. आणि शर्मन काउंटी माउंटन वेळेवर चालते, पूर्वेला शेजारच्या कोल्बीत गेलात की घड्याळ एक तास पुढे. वेळ ठरवताना गोंधळ होतो.

प्रथमोपचारातलं फक्त सीलबंद आणि मुदत न संपलेलं द्या. टूर्निके सरावासाठी वारंवार आवळून बघितला असेल तर ‘फक्त सरावासाठी’ असं लिहून द्या. खऱ्या जखमेवर तो तुटून चालत नाही. घ्यायचं की नाही हे त्यांच्या नियमांवर आहे, नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

फोर्ट_कॉलिन्सकर

पर्जन्यमापक आणि फोमचे पाटे वाचून धावत आलो.

१९९७ च्या जुलैत आमच्या गावात, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, पूर आला, पाच माणसं गेली. काही तासांत गावाच्या एका भागात फूटभराहून जास्त पाऊस आणि बाकीच्या भागांत बेताचाच. अधलंमधलं कुणी मोजतच नव्हतं. त्यातून १९९८ मध्ये कोकोराज सुरू झालं, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या हवामान केंद्रातून. आता पन्नासही राज्यांत स्वयंसेवक रोज सकाळी अंगणातला पाऊस मोजून पाठवतात. त्यांना ४ इंच व्यासाचं मापक लागतं. तुमचं तेवढं आहे का? टोपणाच्या जागी फनेल आणि आत बारीक नळी, तेच ना?

फोमचा पाटा म्हणजे फूटभर चौरस फोम, त्यावर जाड ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेलं, बरोबर? कोरे असतील तर एखाद्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना द्या, पोरं वेडी होतात त्यावर. पण ज्यावर गारा पडल्यात तो पाटा ही नोंद आहे. मागे तारीख, वेळ, जागा लिहा. त्यावरच्या खड्ड्यांवरून गारांचा आकार, संख्या आणि वाऱ्याने त्या किती तिरप्या आल्या तेही कळतं. तो फेकू नका आणि शाळेलाही देऊ नका, पोरं अंगठ्याने नवे खड्डे पाडतील.

डेन्व्हरला येताय तर मला व्यक्तिगत निरोप करा, मापक मी घेऊन योग्य घरी पोहोचवतो.

कोरडा_ढग

हो, ४ इंचीच आहे. निरोप केलाय.

पुस्तकी_कीड

वायुवेगमापक भारतात आणायला काही हरकत नसावी ना? की त्यातही काही मेख आहे?

ओहमचा_नियम

त्यात मेख नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर मजेत आणा. सेल काढून ठेवा एवढंच. छोटा पंखा धुळीने जड झाला असेल तर तोंडाने हळू फुंकून बघा, लगेच फिरायला हवा. अडखळत असेल तर बदली पंखा मिळतो का बघा.

टॅबलेट किंवा डॅशकॅम देणार असाल तर मेमरी कार्ड काढा, स्पॉटर नेटवर्क आणि रडार ॲपमधून बाहेर पडा. नाहीतर दुसरा माणूस कॅन्ससात हिंडेल आणि नकाशावर तुमच्या नावाचा ठिपका फिरेल.

कोरडा_ढग

ताजी खबर.

टेबलावरचा रेडिओ ग्रंथालयात विचारून एका कुटुंबाला दिला. मैदानातली यांनी सांगितल्याप्रमाणे ०२०१८१ भरला, जुने सेल काढले (एकावर साय होतीच), नवे घातले. आजोबांनी आधी विचारलं, हा आमच्या जुन्या रेडिओसारखा रात्रभर ओरडत नाही ना? जुना कपाटात होता. तोही बाहेर काढून घेतला आणि त्याच्यातही काउंटी भरली. एकाचे दोन झाले. त्यांनी तो झोपायच्या खोलीतल्या खिडकीत ठेवला, आम्ही असेपर्यंत दोनदा उचलून दुसरीकडे ठेवून बघितला, सूनबाई म्हणाल्या इथेच स्पष्ट येतंय. हातातला रेडिओ अजून आहे.

फ्लेअर आणि पॉवर स्टेशन अग्निशमन दलाने घेतले. फ्लेअर घेताना त्यांनीच बजावलं की सध्या गहू वाळून काढणीला आलाय, रस्त्याकडेला असलं काही पेटवलं की शेतं जातील, बरं झालं तुम्ही वापरले नाहीत. प्रथमोपचाराची पेटी नको म्हणाले.

पंप, पंक्चर किट आणि वॉकीटॉकी मोटेलच्याच आवारात गेले. काढणीची एक टोळी उतरली होती, टेक्ससपासून गव्हाच्या मागे मागे उत्तरेला डकोटांपर्यंत जाणारी. आम्ही वादळाच्या मागे, ते गव्हाच्या. आमच्या वादळाने त्यांचं एक काम बुडवलं होतं म्हणे, गारांनी उभं पीक झोडपलं. त्यांच्या मुकादमाने पंप घेतला, चालवून बघितला, नळी जिथे जोडते तिथे हवा निसटते हे दाखवून दिलं आणि टेप गुंडाळून तिथल्या तिथे दुरुस्तही केला.

हेल्मेटांचे पट्टे कापले. टोपीवर फुली. दिवा मोडताना मित्राचा चेहरा बघवत नव्हता.

गारांची जाळी शिल्लक आहे. ती कुणी घेईना.

खडूस_काका

जाळी गाडीच्या मापाची असते, त्यामुळे असं होणारच. तार आणि चौकट वेगळी करून भंगारात द्या, पकडायचे क्लॅम्प मात्र कुणालाही चालतात. काच फुटू नये म्हणून आतून रबर लावलं होतं ना?

कोरडा_ढग

होतं. क्लॅम्प काढले.

फोर्ट_कॉलिन्सकर

ते क्लॅम्प मला द्या. मापक कुंपणाच्या खांबावर बसवायला तसलेच लागतात.

नवखा_पण_उत्साही

स्कायवॉर्नच्या ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. नकाशांचं काय झालं?

कोरडा_ढग

कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सस फोर्ट_कॉलिन्सकरांकडे ठेवतोय, तिथून घ्या. नेब्रास्काचा नकाशा मित्र सोडत नाही, दिव्याचा राग आहे. ओक्लाहोमाच्या नकाशात एल रीनोच्या पानावर तेल सांडलंय, पण रस्ते वाचता येतात.